एकाच बापाचे दोन पुत्र : गाल्दोस यांच्या कादंबऱ्यांतील स्पेन

स्पेन म्हटले की आपल्या कॅथलिक घरांतून प्रथम आठवतात ते तेथील संत. लोयोलाचे इग्नाती, नवाराचे फ्रान्सिस झेवियर, आविलाची तेरेजा, क्रुसाचे योहान. हे सारे सोळाव्या शतकातले. त्यानंतरचा स्पेन आपल्या वाचनात जवळजवळ येतच नाही, आणि आलाच तर एकदम १९३६ च्या यादवी युद्धातील हुतात्म्यांच्या रूपाने येतो. मधली तीन शतके जणू कोरीच. त्यातही एकोणिसावे शतक पूर्ण अंधारात. वास्तविक १९३६ साली जे पेटले त्याची लाकडे याच शतकात रचली गेली होती. या शंभर वर्षांत स्पेनमध्ये कार्लवाद्यांची तीन युद्धे झाली, पाच-सहा राज्यघटना आल्या आणि गेल्या, आणि एकमेकांच्या छातीवर बंदुका रोखणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांचा बाप्तिस्मा एकाच प्रकारच्या देवळात झालेला होता.

हा झगडा ज्यांनी ललित वाङ्मयात सर्वांत विस्ताराने उभा केला ते कादंबरीकार म्हणजे बेनितो पेरेझ गाल्दोस. त्यांचा जन्म १८४३ साली कॅनरी बेटांवरील लास पाल्मास येथे झाला आणि मृत्यू १९२० साली माद्रिदमध्ये. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत त्यांचे नाव कानी आले ते 'ख्रिस्तसभेचा वैरी' या शिक्क्यासह, आणि शिक्का बसला की ग्रंथ कपाटात मागच्या रांगेत जातो, हे वाचकांना ठाऊक आहेच. पुढे उतारवयाकडे झुकताना, त्याच सेमिनरीने दिलेल्या लॅटिनच्या शिदोरीवर आणि शब्दकोशाच्या काठीने, आम्ही त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची वाट चालू लागलो. ही वाट लांबची आहे. 'राष्ट्रीय प्रसंग' या नावाने त्यांनी ४६ कादंबऱ्या लिहिल्या, पाच मालिकांत, १८७३ पासून १९१२ पर्यंत. पैकी दुसऱ्या मालिकेतील दहा कादंबऱ्या १८७५ ते १८७९ या चार वर्षांत प्रसिद्ध झाल्या. उदारमतवादी आणि अनियंत्रित राजसत्तेचे पक्षपाती यांच्यातील झुंज हा त्यांचा विषय आहे. त्यांविषयी येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

परंतु आधी झगडा कशाचा होता ते सांगितले पाहिजे, कारण या बाबतीत आपल्या मनात एक सोपे चित्र असते : एकीकडे राजा आणि ख्रिस्तसभा, दुसरीकडे नास्तिक क्रांतिकारक. प्रत्यक्ष प्रारंभ अगदी निराळा होता.

नेपोलियनने स्पेनच्या राजाला फ्रान्समध्ये अडकवून ठेवले आणि आपल्या भावाला माद्रिदच्या गादीवर बसविले. तेव्हा दक्षिणेच्या टोकाला, कादिझजवळच्या इस्ला दे लेओन या गावी, २४ सप्टेंबर १८१० रोजी देशाची प्रतिनिधिसभा भरली. आरंभ झाला तो तेथील धर्मग्रामाच्या देवळात मिस्सा होऊन. त्याच दिवशी सभेत पहिले भाषण करून, राष्ट्राचे सार्वभौमत्व राष्ट्राच्याच ठायी आहे, हा सिद्धांत मांडणारे गृहस्थ होते दिएगो मुन्योस तोरेरो. ते धर्मगुरू होते, सालामांका विद्यापीठाचे माजी रेक्टर होते. सभेतील प्रतिनिधींपैकी सुमारे एक तृतीयांश धर्मगुरूच होते आणि ते दोन्ही बाजूंना विभागलेले होते. पुढे ही सभा कादिझ शहरातील संत फिलिप नेरी यांच्या प्रार्थनामंदिरात भरू लागली आणि १९ मार्च १८१२ रोजी, म्हणजे संत योसेफाच्या सणाला, तिने राज्यघटना जाहीर केली. योसेफ म्हणजे स्पॅनिशमध्ये लाडाने 'पेपे'. म्हणून लोक तिला 'ला पेपा' म्हणू लागले. 'लिबरल' हा शब्द राजकीय पक्षाचे नाव म्हणून जगात प्रथम रूढ झाला तो याच शहरात. विरोधकांना त्यांनी नाव दिले 'सेर्विल', म्हणजे दास्यप्रिय.

या राज्यघटनेचे बारावे कलम सांगते की कॅथलिक धर्म हाच राष्ट्राचा धर्म आहे आणि तो सदैव राहील. अन्य धर्माच्या उपासनेस बंदी आहे. आजच्या दृष्टीने हे कलम उदार नव्हे, हे उघड आहे. परंतु धर्मद्वेषाने पेटलेली माणसे असे कलम लिहीत नाहीत. निवडणुकीची पहिली पायरी म्हणून या घटनेने धर्मग्रामच निवडला. मतदारांनी आधी देवळात जाऊन पवित्र आत्म्याची मिस्सा ऐकावी, धर्मगुरूने प्रसंगोचित प्रवचन करावे, मग निवड करावी आणि शेवटी ते देउम गावे, असे तिच्यात लिहिले आहे. गावोगावच्या प्राथमिक शाळांतून मुलांना लिहिणे, वाचणे, हिशेब आणि कॅथलिक धर्माची प्रश्नोत्तरे शिकवावीत आणि त्यांसोबत नागरिकाची कर्तव्येही सांगावीत, असेही एक कलम आहे. आपल्या एखाद्या धर्मग्रामाच्या सभेत ही कलमे वाचून दाखविली तर कोणी दचकणार नाही.

मग बिघडले कोठे? पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८१३ मध्ये, याच सभेने इन्क्विझिशन रद्द केले आणि अनेक बिशप व मठ तिच्यापासून दुरावले. १८१४ साली राजा सातवा फर्डिनंड परतला. ६९ प्रतिनिधींनी त्याच्यापुढे अर्ज ठेवला की जुनी व्यवस्था आणावी. ४ मे रोजी त्याने घटना रद्द ठरविली आणि ज्यांनी त्याच्याच नावाने लढा दिला होता त्यांना तुरुंगात टाकले. मुन्योस तोरेरो यांना सहा वर्षे एका मठात डांबून ठेवले. १८२० साली रिएगो या सैन्याधिकाऱ्याने उठाव करून राजाला घटना मान्य करावयास लावली. तीन वर्षे उदारमतवाद्यांचे राज्य होते. त्या तीन वर्षांत त्यांचे हात स्वच्छ राहिले नाहीत. राजासाठी कट केल्याचा आरोप असलेले विनुएसा नावाचे धर्मगुरू तुरुंगात होते. ४ मे १८२१ रोजी जमावाने आत घुसून त्यांना हातोड्याने ठार केले. १८२३ च्या एप्रिलमध्ये विकचे बिशप स्ट्राउख यांना त्यांना नेणाऱ्या सैनिकांनीच वाटेत मारले. त्याच महिन्यात 'संत लुईचे एक लाख पुत्र' हे भव्य नाव धारण करून फ्रेंच फौज आली, राजाची निरंकुश सत्ता तिने पुन्हा बसविली आणि सूडाचे दशक सुरू झाले. 'आमच्या बेड्या चिरायू होवोत' अशी आरोळी रस्त्यावर ऐकू येत होती. रिएगोला करंडीत घालून, गाढवाकडून ओढवीत, फाशीच्या चौकात आणले गेले. १८२६ साली वालेन्सियात कायेतानो रिपोल या शाळामास्तराला पाखंडाच्या आरोपावरून फाशी दिले गेले. धर्ममताच्या कारणाने स्पेनमध्ये दिला गेलेला हा शेवटचा देहान्त. तो ज्या मंडळाच्या निवाड्याने झाला त्यात धर्मगुरू बसले होते, हे आम्ही धर्मगुरूंनी तरी विसरू नये.

गाल्दोस यांच्या दुसऱ्या मालिकेचा पट हा असा आहे. १८१३ ते १८३४.

या पटावर त्यांनी उभी केलेली मुख्य कल्पना जुनीच आहे, पवित्र शास्त्राइतकी जुनी. साल्वादोर मोन्सालुद हा उदारमतवादी. कार्लोस नावार्रो हा राजाचा आणि नंतर दोन कार्लोस यांचा कट्टर सैनिक. दोघे एकमेकांचा जीव घ्यावयास टपलेले. आणि दोघे एकाच बापाचे पुत्र आहेत, एक विवाहबाह्य संबंधातला, दुसरा औरस. हे नाते वाचकाला लवकर कळते. कार्लोसला ते फार उशिरा कळते. यात नाट्याचा सोस आहे हे खरे. वेषांतरे, योगायोगाने पडणाऱ्या गाठी, दोघांचे मन एकाच गेनारा नावाच्या स्त्रीवर जडणे, ही सामग्री जुन्या रहस्यकथांच्या पेटीतून काढलेली वाटते. साल्वादोर हा नायक म्हणूनही थोडा फिकाच आहे. तो पुष्कळ फिरतो, पुष्कळ निराश होतो, आणि वाचकाला वाटत राहते की हा माणूस आपल्याला कथा दाखविण्यासाठी फिरतो आहे. त्यापेक्षा गेनारा कितीतरी जिवंत. एका कादंबरीत फ्रेंच फौजेच्या आगमनाचा काळ तिच्याच तोंडून सांगितला आहे, आणि राजकारणाच्या कारस्थानात रमलेली ही बाई आपल्याला फसवीत आहे हे कळूनही आपण ऐकत बसतो.

पिपाओन हे पात्रही असेच. राजदरबारात लाचलुचपतीवर पोसलेला हा इसम १८२० ची चाहूल लागताच घटनावादी होतो. त्या कादंबरीचे नावच 'दुसरा कोट' असे आहे. आपल्याकडे अशांना पगडी फिरवणारे म्हणतात. त्याची आठवण गाल्दोस हसत हसत सांगतात, पण दोन्ही राजवटींत कचेरीतील खुर्ची त्याच माणसाखाली राहते हे ते डोळ्यांआड होऊ देत नाहीत.

आम्हाला या मालिकेत सर्वांत मोलाची वाटली ती 'दहशत १८२४ ची' ही कादंबरी, आणि तिच्यातला पात्रिसियो सार्मिएन्तो. हा एक म्हातारा शाळामास्तर, उदारमतवादाने अक्षरशः वेडावलेला. रोमन वीरांची नावे तोंडात, खिशात कवडी नाही, आणि एकुलता एक मुलगा घटनेसाठी लढता लढता मेलेला. आदल्या कादंबऱ्यांत, आपल्या पक्षाची चलती असताना, याच मास्तराने शेजारच्या एका राजनिष्ठ म्हाताऱ्याचा छळ केला होता. तो छळ वाचताना आपल्याला त्याचा संताप येतो. आता राज्य उलटले आहे. भुकेने आणि भ्रमाने माद्रिदच्या रस्त्यांवर भटकणाऱ्या या मास्तराला घरात घेते ती त्याच छळलेल्या म्हाताऱ्याची मुलगी, सोलेदाद. ती त्याला जेवू घालते, त्याचे कपडे शिवते, त्याची बडबड ऐकते, रात्री बाहेर पडून नसते धाडस करू नये म्हणून त्याला लेकरासारखे आवरते. क्षमा हा शब्द ती क्वचितच उच्चारते. लेखकही उच्चारीत नाही. सूप, सुई आणि चावी, एवढ्यावरच हे सारे चालते.

पुढे एका चहाडखोराच्या सूडामुळे लष्करी आयोगाचा फेरा या घरावर येतो. परदेशी पळालेल्यांची पत्रे पोहोचविल्याचा गुन्हा म्हणजे गळफास. सोलेदाद दुसऱ्यांना वाचविण्यासाठी पुढे होते आणि तिला वाचविण्यासाठी मास्तर सारा दोष आनंदाने अंगावर घेतो. आपण राष्ट्रवीर म्हणून मरतो आहोत अशी त्याची खात्री आहे. न्यायाधीशांची खात्री आहे की हा वेडा आहे, आणि तरीही ते त्याला फाशी देतात. त्याच्या शेवटच्या रात्रीची प्रकरणे वाचताना आमच्यातील धर्मगुरू अस्वस्थ झाला. फाशीच्या कैद्याजवळ रात्र काढण्याचे काम आमच्या बांधवांनी शतकानुशतके केले आहे. येथे मठवासी त्याच्याजवळ बसतात, त्याला पश्चात्तापाचे शब्द देऊ पाहतात, आणि मास्तर त्यांना इतिहास सांगत बसतो. प्रसंग हास्यास्पद आहे, करुण आहे, आणि त्यातील मठवासी वाईट माणसे नाहीत. त्यांची अडचण एवढीच की ते ज्या खोलीत आले आहेत तिची किल्ली सरकारच्या खिशात आहे.

रिएगोलाही गाल्दोस मूर्ती करून मखरात बसवीत नाहीत. त्यांच्या काळी उदारमतवाद्यांच्या घरोघरी रिएगोच्या नावाचा जयघोष होई, तरी हा माणूस शेवटी खचला आणि माफी मागून मेला, हे ते लपवीत नाहीत. वीराचा मान ते एका वेड्या मास्तराला देतात. आपल्याच पक्षाच्या दैवताविषयी एवढे लिहिण्यास छाती लागते.

आता त्या कादंबरीकडे येतो जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. मालिकेतील ही दहावी. नाव मोठे विचित्र : 'एक बंडखोर अधिक, काही मठवासी उणे'. फर्डिनंड २९ सप्टेंबर १८३३ रोजी वारला. मुलगी इसाबेला तीन वर्षांचीही नव्हती. राजाचा धाकटा भाऊ दोन कार्लोस याने गादीवर हक्क सांगितला आणि उत्तरेत युद्ध पेटले. जुलै १८३४ मध्ये दोन कार्लोस स्वतः नवारात येऊन पोहोचला, तेव्हा सरकारचे प्रमुख मार्तीनेस दे ला रोसा यांनी 'एक बंडखोर अधिक, एवढेच' असे म्हणून तो विषय उडवून लावला, अशी आख्यायिका आहे. शीर्षकाचा पहिला अर्धा तिच्यातून आला. दुसरा अर्धा त्याच महिन्यात माद्रिदमध्ये घडला.

राजधानीत पटकी सुरू झाली होती. माणसे पटापट मरत होती. सरकारी मंडळी शहर सोडून गेली होती. अशा वेळी अफवा उठली की मठवासीयांनी पाण्यात विष कालविले. १७ जुलै रोजी दुपारपासून रात्रीपर्यंत जमाव येशूसंघीयांच्या संत इसिद्रो येथील महाविद्यालयात, डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन आणि मर्सिडेरियन मठांत घुसला. सत्तरहून अधिक व्रतस्थ मारले गेले. त्यांत अरबी भाषेचे जाणकार फादर आर्तिगास होते. शहरात सैन्य होते, पण ते वेळेवर हलले नाही. जमावात नागरी सेनेचे गणवेशधारीही दिसले.

गाल्दोस यांनी ही कादंबरी १८७९ साली लिहिली. तिसरे कार्लवादी युद्ध संपून तीनच वर्षे झाली होती, आणि त्यात हाती बंदूक घेतलेले धर्मगुरू लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. उदारमतवादी वाचकाला १८३४ ची कत्तल 'दुर्दैवी पण समजण्याजोगी' म्हणून वाचावयास आवडली असती. लेखकाने ती सोय ठेवलेली नाही. अफवा कशी जन्मते ते ते पायरीपायरीने दाखवितात. कोणी काही पाहिलेले नसते, प्रत्येकाने दुसऱ्याकडून ऐकलेले असते. पाणक्याच्या पिंपाशी रेंगाळणारे एखादे पोर पुरते. घरात प्रेत पडलेल्या माणसाला कारण हवे असते आणि शेजारी ते पुरविणारा उभाच असतो. मग दार फुटते. ग्रासियान नावाच्या एका येशूसंघीय फादरांशी आपली ओळख आधीच करून दिलेली असल्यामुळे, या आकड्यातला एक तरी माणूस आपल्याला चेहऱ्याने ठाऊक असतो. घाव घालणारे कोण, हेही ते सांगतात : शेजारपाजारचे लोक, ज्यांच्या पक्षाला लेखक स्वतःचा मानतात. शीर्षकातली ती बेपर्वा बेरीज-वजाबाकी शेवटी त्या पक्षाच्याच तोंडावर येऊन आदळते.

आमचे म्हणणे असे की गाल्दोस मोठे लेखक ठरतात ते या प्रकरणांनी. याच्या उलट त्यांची जी कादंबरी जगभर अधिक वाचली जाते, इंग्रजीतही सहज मिळते, ती 'दोन्या पेर्फेक्ता' आम्हाला दुय्यम वाटते. १८७६ सालची ही कथा. पेपे रे हा तरुण अभियंता ओर्बाखोसा नावाच्या काल्पनिक गावी मावसघरी नव्हे, तर आत्याच्या घरी, लग्न ठरविण्यासाठी येतो. आत्या दोन्या पेर्फेक्ता अत्यंत भाविक. तिचा सल्लागार कॅथेड्रलचा धर्मगुरू दोन इनोसेन्सियो. तरुणाच्या एकेका बोलण्यातून पाखंड शोधले जाते, गाव त्याच्याविरुद्ध उठते, आणि अखेर बागेत, आत्याच्या एका ओरडण्यासरशी, त्याला गोळी घातली जाते. मुलगी वेडी होते. कथा वेगवान आहे, पकड घेते. परंतु तिच्यातील फासा आधीच टाकलेला आहे. तरुण म्हणजे विज्ञान, आत्या म्हणजे कट्टरता, गाव म्हणजे मागासलेला स्पेन. ज्याला प्रमेय सिद्ध करावयाचे आहे तो लेखक पात्रांना दम घेऊ देत नाही. अपवाद एकच, आणि तो आश्चर्यकारक : दोन इनोसेन्सियो. त्याच्या भाचीला आपल्या मुलासाठी ते श्रीमंत स्थळ हवे असते. सारे कारस्थान या घरगुती हावेतून वाढते. धर्मगुरू खुनाला हो म्हणत नाही. तो नाहीही म्हणत नाही. शब्द असे योजतो की उद्या आपल्यावर काही येऊ नये. आम्हा धर्मगुरूंना हे पात्र वाचताना राग येण्याऐवजी भीती वाटावी, इतके ते ओळखीचे आहे. ख्रिस्तसभेची बदनामी म्हणून ते बाजूला सारणे फार सोपे होईल.

एक उणीव मात्र या सबंध लेखनात आहे आणि ती सांगितली पाहिजे. गाल्दोस धर्मगुरूंना पाहतात ते रस्त्यावरून, दिवाणखान्यातून, कचेरीतून. प्रार्थनेतला धर्मगुरू, पहाटेच्या मिस्सेला चार म्हाताऱ्यांसमोर उभा राहणारा, पटकीच्या घरात तेल घेऊन जाणारा, त्यांना या मालिकेत फारसा सापडत नाही. तो त्यांना पुढे सापडला. १८९५ सालच्या 'नाझारिन' मध्ये शुभवर्तमान अक्षरशः जगू पाहणारा एक धर्मगुरू आहे. लुईस बुन्युएल यांनी १९५९ साली त्यावर चित्रपट केला. पण मुन्योस तोरेरोंसारखा माणूस, जो मिस्सा अर्पण करतो आणि राष्ट्राचे सार्वभौमत्वही मांडतो, त्यांच्या या कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी कधीच येत नाही. ही सर्वांत मोठी कथा त्यांच्या हातून निसटली असे आम्हाला वाटते.

मुन्योस तोरेरो यांचा शेवट पोर्तुगालमध्ये झाला. १८२३ नंतर ते तिकडे पळाले, तेथेही निरंकुश सत्ता आली, आणि १८२९ साली लिस्बनजवळच्या साओ जुलियाओच्या किल्ल्यात ते कैदी म्हणून मरण पावले. पोर्तुगालमध्ये हाच झगडा भावाभावांच्या युद्धाने चालला होता. १८३४ साली उदारमतवादी जिंकले आणि त्यांनी पुरुष व्रतस्थांचे सर्व संघ एका फटक्यात बंद केले. त्या हुकुमाची लाट आपल्या किनाऱ्यापर्यंत आली. १८३५ मध्ये गोव्यातील मठ ओस पडले. जुन्या गोव्याला अगुस्तिनी मठाचा जो अर्धा मनोरा उभा आहे, तो पाहताना मार्गदर्शक रोगराई आणि काळ यांची नावे घेतात. त्या मठाचे शेवटचे रहिवासी मात्र एका सरकारी कागदाने बाहेर पडले. देवळाचे छत १८४२ साली कोसळले. आणि तरीही त्याच उदारमतवादाने गोव्याला १८२२ साली लिस्बनच्या प्रतिनिधिसभेत आपली माणसे पाठविण्याचा अधिकार दिला होता, बेर्नार्दो पेरेस दा सिल्वा हे गोवेकर त्यांत निवडले गेले, आणि पुढे त्यांच्याच हाती काही दिवस गोव्याचा कारभारही आला. एकाच झाडाची ही दोन फळे आहेत. एक दाखवून दुसरे लपविणारा इतिहास आपल्या मुलांना शिकवू नये.

स्पेनमध्ये पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १८३६ साली मेंदिझाबाल यांच्या हुकुमाने मठांच्या जमिनी विकल्या गेल्या. बहुतेक त्या घेतल्या पैसेवाल्यांनी, कसणाऱ्याच्या वाट्याला फार थोडे आले. १८६४ साली नववे पायस पोपमहोदयांनी आधुनिक उदारमताशी तडजोड नाकारली. १८८४ साली सार्दा इ साल्वानी या कातालान धर्मगुरूंनी 'उदारमतवाद हे पाप आहे' असे पुस्तकाचे नावच ठेवले आणि ते दूरवर वाचले गेले. १९३६ ते १९३९ या वर्षांत सहा हजार आठशेच्या आसपास धर्मगुरू, व्रतस्थ आणि धर्मभगिनी मारल्या गेल्या. पलीकडे विजेत्यांनी कित्येकांना भिंतीशी उभे केले आणि त्यांच्या शस्त्रांना आशीर्वाद देणारे हात आमचेच होते. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला. सप्टेंबर १९७१ मध्ये माद्रिदला बिशप आणि धर्मगुरू यांची संयुक्त सभा भरली. बंधूबंधूंत यादवी पेटली असता आम्ही समेटाचे खरे सेवक झालो नाही, याबद्दल क्षमा मागावी, असा ठराव तेथे आला. त्याला बहुमत मिळाले, पण लागणारे दोन तृतीयांश मिळाले नाही. सात वर्षांनी, १९७८ सालच्या राज्यघटनेत, कोणताही धर्म राज्याचा धर्म असणार नाही असे लिहिले गेले.

त्या १९७१ च्या ठरावाची कथा वाचताना आम्हाला गाल्दोस यांची ती दहावी कादंबरी आठवली. लेखकाने आपल्या पक्षाच्या वतीने जे ९२ वर्षे आधी केले होते ते आमच्या बाजूच्या सभेला काही मतांनी जमले नाही. कॅथलिक लेखकांनी रिपोल मास्तरावर अशीच एखादी कादंबरी त्या शतकात लिहिली असती तर? होसे मारिया दे पेरेदा हे लिहू शकले असते. ते डोंगराळ उत्तरेतील कादंबरीकार, कार्लवादी, एके काळी त्या पक्षाचे प्रतिनिधी, पक्के श्रद्धावान, आणि गाल्दोस यांचे आयुष्यभराचे जिवलग मित्र. त्यांच्या लेखणीत ती ताकद होती. त्यांनी डोंगर आणि समुद्र लिहिला, उत्तम लिहिला. तिकडे वळले नाहीत.

या मैत्रीचा एक प्रसंग स्पेनच्या वाङ्मयेतिहासात नोंदलेला आहे. मेनेंदेझ पेलायो हे कॅथलिक पंडितांचे मुकुटमणी; तरुणपणी त्यांनी आपल्या पाखंड्यांच्या इतिहासात गाल्दोस यांच्यावर अतिशय कठोर लिहिले होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये गाल्दोस रॉयल अकादमीत विधिपूर्वक दाखल झाले, तेव्हा स्वागताचे भाषण करावयास उभे राहिले ते मेनेंदेझ पेलायोच. दोनच आठवड्यांनी पेरेदा दाखल झाले, आणि कार्लवादी पेरेदांचे स्वागत केले उदारमतवादी गाल्दोस यांनी. बाहेर मात्र वृत्तपत्रांतील भांडण चालूच राहिले. १९१२ साली गाल्दोस यांना नोबेल पारितोषिक मिळावे म्हणून हालचाल झाली, तेव्हा कॅथलिक म्हणविणाऱ्या पत्रांनी त्याविरुद्ध मोहीम काढली. पारितोषिक मिळाले नाही. त्या सुमारास त्यांची दृष्टी गेली होती.

आपल्याकडील जाणत्या भाषांतरकारांना आमचे एकच सुचविणे आहे. गाल्दोस मराठीत आणावयाचे तर 'दोन्या पेर्फेक्ता' पासून आरंभ करू नये. 'दहशत १८२४ ची' प्रथम घ्यावी. ती स्वतंत्रपणेही वाचता येते; सोलेदादचे वडील आणि मास्तर यांच्यातले जुने वैर सांगणारी दोन पानांची प्रस्तावना जोडली की पुरे. 'एक बंडखोर अधिक' त्यानंतर, आणि तिच्या नावाचे मराठी कसे करावे याबद्दल आमच्या 'उणे' पेक्षा चांगला शब्द कोणाला सुचला तर आम्ही तो आनंदाने स्वीकारू.